घरच्या सुतारकामात सांधे: स्क्रूवर भागतं की कुसू-भोक शिकावंच?

निळी_पेन्सिल

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने पहिलं टेबल केलं. वरचा भाग पाच अस्सल लाकडी फळ्या कडेला कड चिकटवून केलेला, रुंदी ६० सेंटिमीटर. खाली चार पाय आणि चारही बाजूंनी आडपट्ट्या. आडपट्ट्यांतून वर स्क्रू मारले, हात दुखेपर्यंत घट्ट आवळले. वर्षभर टेबल छान राहिलं. मग कोरड्या हवेचे दिवस आले आणि एका रात्री खोलीत ‘टाक्’ असा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर मधली फळी टोकापासून वीतभर तडकलेली. गोंदाचा जोड जसाच्या तसा होता, त्याच्या शेजारी लाकूडच फाटलं होतं.

आता त्या टेबलासाठी दोन माणसं बसतील असा बाक करायचाय. तो पुन्हा असा फुटायला नको. जुन्या पद्धतीचे सांधे, म्हणजे कुसू आणि भोक (एका तुकड्याचा दांडा दुसऱ्याच्या भोकात), पाचर, डव्हटेल (पंख्यासारख्या शेपट्यांचा सांधा) हे सगळं शिकून घ्यावं असं मनात आहे. माझ्याकडे एक करवत, तीन पटाश्या, एक रंधा आणि गुण्या एवढंच आहे. मशीन नाही. घरगुती कामासाठी एवढी मेहनत खरंच सार्थकी लागते का? आणि सुरुवात कुठल्या सांध्यापासून करावी?

गुण्या९०

टेबल का फुटलं ते आधी बघू, कारण बाकाचं उत्तर त्यातच आहे.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे फुगतं-आकसतं. पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. ओलं लाकूड पार कोरडं झालं तरी लांबीतली घट साधारण ०.१ ते ०.२ टक्के. रुंदीत मात्र भरपूर हलतं, आणि वाढीच्या वर्तुळांच्या बाजूने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. आकडाच घ्यायचा तर रेड ओकची, रुंदी वर्तुळांच्या बाजूने येईल अशी चिरलेली ६० सेंटिमीटर रुंद फळी, तिच्यातला ओलावा १२ टक्क्यांवरून ८ वर आला तर जवळपास ९ मिलिमीटर आकसते. सागवान निम्म्यावर भागवतं, साडेचार मिलिमीटर. म्हणून तर सागाला इतका मान.

आता तुझं टेबल. आखूड बाजूच्या दोन आडपट्ट्या वरच्या फळ्यांच्या रुंदीला समांतर आहेत. आडपट्टी स्वतःच्या लांबीत आकसत नाही, वरचा भाग रुंदीत आकसायला बघतोय, आणि मधे तू स्क्रू आवळून ठेवलेत. कुणीतरी हरणारच होतं. गोंदाचा जोड लाकडापेक्षा मजबूत होता, म्हणून लाकूड हरलं.

जुने सांधे म्हणजे नुसती कारागिरीची हौस नव्हे. लाकूड हलणार हे गृहीत धरून, हलू द्यायचं तिथे हलू देऊन, धरायचं तिथे धरून ठेवण्याच्या त्या युक्त्या आहेत.

सांजवारा

तो ‘टाक्’ वाचूनच अंगावर काटा आला. माझ्या कपाटाच्या दारातून आला होता, पाहुणे जेवत असताना. सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं!

फटाफट

मी थोडं विरोधात बोलतो, आणि मनापासून बोलतो. मी घरात अकरा वस्तू केल्यात. पुस्तकांची मांडणी, दोन कपाटं, पलंग, बूट ठेवायचं खोकं. सगळं प्लायवूड, स्क्रू आणि पांढरा गोंद. एकही मोडलेली नाही. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे वर सांगितलेली आकसण्याची भानगड त्यात नगण्य.

माणसाला सुट्टीचा एक दिवस मिळतो. त्यात एक सांधा करायचा की एक कपाट, हा माझ्यापुढचा प्रश्न असतो. मला कपाट हवं असतं. ‘खरं सुतारकाम म्हणजे हाताने केलेले सांधे’ असं म्हटलं की नवीन माणूस घाबरून हातच लावत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जुनी_खुर्ची

फटाफट, कपाटाबद्दल शंभर टक्के सहमत. प्लायवूडमध्ये कुसू काढण्यात काही अर्थ नाही, थर सुटे होतात. तिथे फळीला खोबण पाडायची, त्यात आडवा कप्पा बसवायचा आणि गोंद लावायचा, एवढं पुरतं. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांमध्ये तर त्याहून नाही.

पण हा धागा बाकाचा आहे. मी तेवीस वर्षं खुर्च्या दुरुस्त करतोय, घरच्या, शेजाऱ्यांच्या, मित्रांच्या. कपाट उभं राहतं आणि वजन सरळ खाली जातं. खुर्ची आणि बाक यांच्यावर माणूस बसतो, मागे रेलतो, एका बाजूला झुकतो, बसल्या बसल्या सरकवतो. प्रत्येक वेळी पाय आणि आडपट्टीच्या कोपऱ्यात मोडण्याचा जोर येतो. तिथे आडपट्टीच्या टोकात घुसवलेला स्क्रू असेल तर तो फळीच्या टोकाला लाकडाच्या रेषांमध्ये (तंतूंमध्ये) घुसलेला असतो, आणि तिथे स्क्रूची पकड मुळातच कमी. रेषा लांबीला धावतात, त्यामुळे आटा दोन रेषांच्या मधे वाट करून घेतो. थोडं हललं की भोक मोठं होतं, भोक मोठं झालं की जास्त हलतं.

माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या खुर्च्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सुटलेला सांधा म्हणजे मागचा पाय आणि बाजूची आडपट्टी यांचा. कुसू-भोकाचा असेल तर गोंद सुटलेला असतो, लाकूड शाबूत असतं. परत चिकटवलं की झालं. स्क्रूचा असेल तर लाकडाचा चुरा झालेला असतो आणि आधी नवीन लाकूड भरावं लागतं.

फटाफट

माझ्या यादीत खुर्ची नाही हे मात्र खरं. बाकाबद्दल मुद्दा पटला. कपाटाबद्दल मी हलणार नाही.

कोरडी_ढलपी

प्लायवूडच हलत नाही, तर तुम्ही कशाला हलाल! 🙂

उभी_रेष

जरा इतिहासाकडे वळते, चालेल ना? २०१२ साली जर्मनीतल्या काही नवाश्मयुगीन विहिरींवर शोधनिबंध आला होता. लाइपझिगजवळच्या विहिरी, सात हजार वर्षांहून जुन्या. आत ओकच्या फळ्यांचं अस्तर, आणि कोपऱ्यांना खाचा करून बसवलेले सांधे, काही ठिकाणी कुसू आरपार काढून त्याला पाचर मारलेली. तेव्हा त्या भागात धातू नव्हता. दगडी वाकसाने हे केलंय!

त्याहून मागे जायचं तर झांबियातला कालाम्बो धबधबा. २०२३ मध्ये तिथल्या दोन ओंडक्यांबद्दल प्रसिद्ध झालं, एकाला मुद्दाम खाच करून दुसऱ्यावर आडवा बसवलेला. वय किमान ४ लाख ७६ हजार वर्षं. आपली माणसाची जात तेव्हा अजून आलेलीही नव्हती. म्हणजे खाच मारून लाकूड लाकडावर बसवणं हे आपल्याहून जुनं आहे.

आणि जपानमधलं होर्यूजी मंदिर, तेराशे वर्षं उभं असलेला पाच मजली लाकडी मनोरा. एकही खिळा नाही!

गुण्या९०

उभी_रेष, विहिरींची गोष्ट फार आवडली. शेवटच्या वाक्याला मात्र दुरुस्ती. होर्यूजीमध्ये खिळे आहेत. हाताने घडवलेले लोखंडी खिळे. इमारतीचा सांगाडा सांध्यांवर उभा आहे हे खरं, पण त्या सुतारांनी जिथे खिळा बरा तिथे खिळा वापरला. ‘एकही खिळा नाही’ हे ऐकायला भारी वाटतं आणि त्यामुळे पसरतं. मला उलट त्यांनी खिळे वापरले हेच जास्त आवडतं.

उभी_रेष

अरे! मी हे इतक्यांना सांगितलंय. आता सगळ्यांना फोन करावे लागणार. धन्यवाद.

कानस

एक प्रश्न. तुम्ही सगळे कुसू म्हणताय ते मॉर्टाइज-टेननमधलं टेनन ना? मी व्हिडिओ बघून शिकतोय, त्यामुळे इंग्रजी नावंच तोंडात बसलीत.

जुनी_खुर्ची

हो. बाहेर काढलेला दांडा तो कुसू, तो ज्यात शिरतो ते भोक. कुसवाच्या दोन्ही बाजूंना आडपट्टीची जी कड पायाला टेकते ते खांदे. रुंद बाजू म्हणजे गाल. हे चार शब्द कळले की कुठल्याही सुताराशी बोलता येतं. डव्हटेलला सगळे डव्हटेलच म्हणतात.

अवनी_क

सुरुवात कशी करावी हे विचारलंय, म्हणून माझा पहिला कुसू कसा झाला ते सविस्तर लिहिते.

मी आधी पेन्सिलने रेघा मारल्या, करवतीने कापलं, पटाशीने भोक पाडलं आणि बसवून पाहिलं. कुसू भोकात सैल आणि खांद्याला एका बाजूने फट. तीन वेळा असंच झालं. चौथ्या वेळी एका जाणत्या काकांनी माझी पेन्सिल काढून घेतली आणि हातात चाकू दिला.

पेन्सिलची रेघ जाड असते. नवी टोकदार केली तरी अर्धा मिलिमीटर, आणि तुम्ही रेघेच्या अलीकडे कापताय, मधे की पलीकडे हे हाताला कळत नाही. चाकूची रेघ म्हणजे लाकडाला पडलेली खरी चीर. गुण्या घट्ट धरायचा, पहिल्यांदा चाकू अगदी हलका ओढायचा, मग पुन्हा दोनदा जरा दाबून. मग त्या चिरेच्या टाकाऊ बाजूने पटाशी तिरकी धरून एक बारीक ढलपी उडवायची. चिरेला लागून एक छोटीशी पायरी तयार होते. करवत त्या पायरीत ठेवली की ती इकडेतिकडे सरकूच शकत नाही, भिंतीला टेकून चालल्यासारखी चालते. खांद्याची कड कापून झाली तेव्हा ती रंधा मारल्यासारखी लखलखीत होती, कारण ती कड करवतीने नव्हे, चाकूने कापलेली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे भोक आधी, कुसू नंतर. भोकाची रुंदी पटाशीच्या रुंदीइतकीच ठेवायची आणि ती बदलता येत नाही. कुसू मात्र घासून कमी करता येतो. म्हणून कुसू रेघेच्या बाहेरून कापायचा, किंचित जाड ठेवायचा, आणि मग गालावरून पटाशीने कागदाएवढं पापुद्रं काढत काढत बसवायचा. नीट बसणारा कुसू हाताने दाबला की अर्ध्यापर्यंत जातो आणि उरलेला मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांनी. फार ठोकावं लागलं तर भोकाची बाजू फुटते. आपोआप आत पडला तर सैल आहे, गोंद त्याला वाचवणार नाही.

आणि पटाशी चालवताना दुसरा हात कायम धारेच्या मागे. पुढे कधीही नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर चार टाके आहेत, म्हणून इतकं ठासून सांगते.

निळी_पेन्सिल

अवनीताई, हे छापून भिंतीवर लावतोय. माझं नावच आता बदलावं लागेल.

कोरडी_ढलपी

‘निळा_चाकू’ नको हो, पोलीस येतील.

टेबलफळी

कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश, हा नियम अजून कुणी सांगितला नाही. २१ मिलिमीटरची पट्टी असेल तर ७ चा कुसू. दोन्ही बाजूंना भिंती तेवढ्याच जाड राहतात.

गुण्या९०

टेबलफळी, हा नियम दोन्ही तुकडे सारख्या जाडीचे असतील तेव्हाचा. उदाहरणार्थ दाराची चौकट. बाकाचा पाय ४५ मिलिमीटर जाड आहे आणि आडपट्टी २२ ची. पायात भोकाभोवती लाकूड मुबलक आहे, मग कुसू ७ चा ठेवून आडपट्टीला दुबळं कशाला करायचं? मी इथे १० चा ठेवीन. पण नियमाच्या जवळची जी पटाशी हाताशी असेल तीच खरी. तुझ्याकडे ८ ची पटाशी असेल तर कुसू ८ चा. भोक पटाशीच्या मापाचं असतं, नियमाच्या नाही.

आणि एक. पायात दोन बाजूंनी दोन आडपट्ट्या येतात. दोन्ही कुसू आत एकमेकांना भेटतात. टोकं ४५ अंशांत तिरकी कापून घे, म्हणजे दोघांना जास्तीत जास्त लांबी मिळते. पण टोकांना टोकं घट्ट टेकवू नकोस. मधे मिलिमीटरभर जागा सोड, नाहीतर खांदा बसायच्या आधी टोकंच अडतात आणि फट का राहिली ते कळत नाही.

टेबलफळी

हे मी आजवर कुठेच वाचलं नव्हतं. चौकटींचा नियम मी सगळीकडे लावत होतो.

कानस

पटाशीला धार कशी लावता सगळे? माझी दोन भोकं पाडली की लाकूड कापत नाही, चुरडते. पाइन आहे, मऊ लाकूड.

जुनी_खुर्ची

मऊ लाकडाला धार जास्तच लागते, कमी नाही. मऊ लाकडाच्या रेषा बोथट धारेखाली दबतात आणि फाटतात. टणक लाकूड त्या मानाने सोसून घेतं.

पटाशीची मागची सपाट बाजू आधी बघ. ती धारेजवळचे दोन-तीन सेंटिमीटर तरी पूर्ण सपाट आणि आरशासारखी हवी. धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेघ. एक बाजू खडबडीत असेल तर दुसरी कितीही घासून उपयोग नाही. मग तिरकी बाजू २५ अंशांच्या आसपास, आणि टोकाला अगदी बारीक ३० ची पट्टी. निसण्यावर घासताना मागे बोटाला पोलादाची खरखरीत कड लागली पाहिजे, सगळ्या रुंदीभर. ती आली की पुढच्या बारीक दगडावर जायचं. कामाच्या मधे दर पंधरा मिनिटांनी चामड्यावर चार वेळा ओढायची. निम्मं सुतारकाम धारेत आहे.

सांजवारा

करवतीबद्दल पण सांगा. ओढताना कापणारी जपानी करवत घेऊ का?

अवनी_क

मी तीच वापरते. ओढताना पात्याला ताण येतो, वाकत नाही, म्हणून पातं पातळ ठेवता येतं आणि चीर बारीक पडते. ढकलणाऱ्या करवतीचं पातं ढकलताना वाकू नये म्हणून जाड करावं लागतं किंवा पाठीला पट्टी लावावी लागते. पण हात ज्याला सरावलाय ते उत्तम. दर आठवड्याला नवी करवत घेण्यापेक्षा एकाच करवतीने शंभर चिरा माराव्यात.

पाचर

गोंदाबद्दल बोलायला हवं. जुनी_खुर्ची म्हणाले की गोंद सुटला तर परत चिकटवता येतो. तो हाडा-कातड्याचा सरस असेल तरच ना? पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला कुसू मी सोडवायला गेलो तर पाय फाटला.

जुनी_खुर्ची

बरोबर पकडलंत. सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो, आणि नवा सरस जुन्याला धरतो. पांढरा गोंद ताकदीला कमी नाही, उलट रेषेला रेष समांतर चिकटवली तर लाकूड आधी फाटेल. पण त्याच्या जुन्या थरावर नवा गोंद नीट बसत नाही, सगळं खरवडून स्वच्छ लाकूड उघडं करावं लागतं.

एक खुर्ची आली होती माझ्याकडे. आधी कुणीतरी तिच्या चारही कोपऱ्यांत इपॉक्सी ओतून वरून खिळे ठोकले होते. सांधा मुळात सुरेख केलेला. सरस होता, अर्ध्या तासात सुटला असता. त्या इपॉक्सीमुळे दोन पाय नवे करावे लागले. खुर्चीच्या मालकीणबाई समोर उभ्या होत्या आणि मला त्यांना सांगावं लागलं की तुमच्या आजोबांनी केलेले हे दोन पाय आता वाचणार नाहीत. तो दिवस आठवला की अजून वाईट वाटतं. म्हणून मी खुर्चीला नेहमी सरसच लावतो. आपल्यानंतर कुणीतरी ती उघडणार आहे.

पाचर

आणि गोंदाशिवायही एक रस्ता आहे, तो नवशिक्याला फार उपयोगी, कारण क्लॅम्प लागत नाहीत. भोक पाडून झालं की पायात आडवं एक खुंटीचं भोक आरपार पाडायचं. कुसू आत घालून, त्या भोकातून त्याच्या गालावर ड्रिलच्या टोकाने खूण करायची. कुसू बाहेर काढायचा आणि त्याच्यावरचं भोक त्या खुणेवर न पाडता खांद्याच्या दिशेने साधारण दीड मिलिमीटर सरकवून पाडायचं. मऊ लाकडात दोनपर्यंत, टणक लाकडात एक. पुन्हा बसवलं की भोकं किंचित चुकलेली दिसतात. त्यातून टोकाला निमुळती केलेली लाकडी खुंटी ठोकायची. खुंटी वाट काढताना थोडी वाकते आणि कुसवाला आत खेचते, खांदा पायाला कच्चकन आवळला जातो आणि तसाच राहतो.

खुंटी करवतीने कापलेल्या काडीची नको. लाकूड कुऱ्हाडीने किंवा पटाशीने चिरून काढायचं, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. कापलेल्या काडीत रेषा तिरक्या तुटलेल्या असतात, ती आतच मोडते.

सांजवारा

दिशा चुकली तर?

पाचर

तर खुंटी कुसवाला बाहेर ढकलते आणि फट वाढते. म्हणून पाडायच्या आधी भोकाशेजारी खांद्याकडे जाणारा बाण काढून ठेवा. मी अजूनही काढतो.

फटाफट

कबूल करतो, खुंटीचं हे वाचून हात शिवशिवायला लागले. पण मधला मार्ग पण सांगून ठेवतो. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बिस्किट जोड निघाला. दोन्ही तुकड्यांना अर्धगोल खाच पाडायची, मधे दाबलेल्या बीचच्या लाकडाची चपटी बिस्किटं पाणीदार गोंद लावून घालायची. पाणी पिऊन बिस्किट फुगतं आणि खाचेत घट्ट होतं. जुनी कल्पनाच, लाकूड फुगतं हे त्यात कामाला लावलंय. फळ्या एका पातळीत बसवायला छान, पण खुर्चीच्या कोपऱ्यात मीही वापरणार नाही.

कानस

आणि डव्हटेल? सगळे त्याचेच फोटो टाकतात.

अवनी_क

डव्हटेल खोक्यांचा आणि खणांचा सांधा. शेपट्या पंख्यासारख्या बाहेर पसरतात, त्यामुळे एका दिशेने ओढलं तर सुटूच शकत नाही. खण ओढताना जोर पुढच्या फळीवर येतो, म्हणून शेपट्या बाजूच्या फळ्यांना काढायच्या. उलट केलं तर दिसायला तेच, पण ओढलं की फक्त गोंदाच्या भरवशावर. उतार मऊ लाकडात सहास एक, टणक लाकडात आठास एक. जास्त तिरकं केलं की शेपटीचे कोपरे तुटतात.

बाकाला डव्हटेल लागत नाही. एक छोटं खोकं कर त्यासाठी, नंतर.

निळी_पेन्सिल

पाच आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचं ऐकलं. टाकाऊ तुकड्यांवर बारा कुसू केले. पहिले पाच फेकले, सहावा हाताने अर्ध्यापर्यंत गेला तेव्हा घरात सगळ्यांना बोलावून दाखवला.

बाकाचे पाय आणि आडपट्ट्या झाल्या, आठही कुसू आत तिरके कापून, मिलिमीटरची जागा सोडून. पण एक अपघात झाला. दोन बाजूंच्या पायांना जोडणारी खालची लांब पट्टी आरपार काढून पाचर मारायची असं ठरवलं होतं. कुसवाच्या टोकाला उभी चीर दिली, पाचर ठोकली, आणि पाय वरपासून खालपर्यंत उभा चिरला. आवाज तोच, ‘टाक्’. गोंदही लावून झाला होता. अर्धा तास नुसता बसून राहिलो त्याच्याकडे बघत. काय चुकलं?

पाचर

अरेरे. वाईट वाटलं रे. सांधा चांगला होता, चीर चुकीच्या दिशेला होती. पायाच्या रेषा उभ्या धावतात. उभ्या चिरेत पाचर घातली की कुसू डावी-उजवीकडे फुगतो, म्हणजे पायाच्या रेषा एकमेकींपासून दूर ढकलतो. लाकूड फोडायला आपण पाचर अशीच वापरतो. चीर आडवी हवी, पायाच्या रेषांना काटकोनात. मग कुसू वर-खाली फुगतो आणि भोकाच्या वरच्या-खालच्या टोकांवर दाबतो. तिथे रेषांची टोकं असतात, ती हजार पाचरांना दाद देत नाहीत.

नवीन पायात भोक करताना बाहेरच्या बाजूला वर आणि खाली दीड-दोन मिलिमीटर जास्त तास, आत निमुळतं होत जाईल असं. कुसू त्यात पंख्यासारखा पसरतो आणि मग तो बाहेर येत नाही, गोंद असो की नसो. चिरेच्या तळाशी छोटं गोल भोक पाड, म्हणजे चीर पुढे पळणार नाही.

उभी_रेष

म्हणजे बाहेरून पसरलेला, आतून अडलेला. डव्हटेलच झालं की हे, भोकाच्या आत लपलेलं!

पाचर

अगदी तेच.

फटाफट

निळी_पेन्सिल, चिरलेला पाय फेकू नकोस. चीर सरळ रेषेत गेली असेल तर गोंद घालून आवळ, बुटांच्या मांडणीचा पाय होईल.

निळी_पेन्सिल

नवा पाय केला. चीर आडवी दिली, दोन पाचरा एकाआड एक दोन-दोन ठोके मारत आत घातल्या. शेवटच्या ठोक्यांना आवाज बदलला, आधी ‘टक टक’ होता तो भरीव झाला, आणि कडेने गोंदाचा एक थेंब वर आला. मग उरलेलं टोक करवतीने कापून रंधा मारला. पायाच्या बाहेर आता कुसवाचं चौकोनी टोक आणि त्यात गडद पाचरांच्या दोन आडव्या रेघा दिसतात. बोट फिरवलं तर काही लागत नाही.

बाकावर आम्ही दोघं बसलो, मागे-पुढे हललो. हूं की चूं नाही.

टेबलही उघडलंय. सगळे स्क्रू काढले, तडा गोंद घालून मिटवला. आता वरचा भाग परत कसा बसवू, म्हणजे हलूही शकेल आणि उचलला तर सुटणारही नाही?

गुण्या९०

लाकडी टाचा कर. आडपट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरून साधारण १२ मिलिमीटर खाली, ६ ची खोबण पाड. अंगठ्याएवढे लाकडाचे ठोकळे घे, प्रत्येकाला पुढे एक जीभ काढ जी खोबणीत सैलसर सरकेल. ठोकळा वरच्या फळीला स्क्रूने पक्का, जीभ खोबणीत मोकळी. जिभेची रेष लांबीत धावू दे, आडवी आली तर मोडते. जीभ खोबणीच्या वरच्या कडेला टेकली असताना ठोकळा आणि वरची फळी यांच्यात अर्धा मिलिमीटर फट राहील असं माप धर, म्हणजे स्क्रू आवळला की वरचा भाग खाली खेचला जातो.

आखूड आडपट्ट्यांवर टाचा खोबणीतल्या खोबणीत बाजूला सरकतील, तिथे काही सोडायला नको. लांब आडपट्ट्यांवर मात्र जीभ खोबणीच्या तळाला टेकवू नकोस. तुझं लाकूड सध्या कोरड्या दिवसांतलं, म्हणजे आकसलेलं आहे. पुढे फुगेल तेव्हा टाचा बाहेरच्या दिशेने, खोबणीच्या तळाकडे सरकणार. तिथे ४ मिलिमीटर जागा ठेव, आणि खोबण त्या हिशोबाने पुरेशी खोल पाड.

निळी_पेन्सिल

खोबण मी पटाशीनेच पाडू ना? दुसरं काही नाही माझ्याकडे.

अवनी_क

सलग खोबण पाडायची गरजच नाही. प्रत्येक टाचेपुरतं एकेक लांबट भोक पाड, बाजूला सरकायला जागा ठेवून. भोकं पाडायला तर तू आता शिकलायस.